मातीतली हनुवटी

वैद्यकीय कॉलेजातली मुलं त्यांना हाडेकाका म्हणत. इतकी वर्षं म्हणत आली की नव्या शिपायांना ते त्यांचं आडनावच वाटे. काकाही कुणाला दुरुस्त करत नसत.

शरीररचना विभागाच्या संग्रहालयासाठी नमुने घडवायचे, हे त्यांचं काम. तळमजल्यावरची खोली, एक बेसिन, तारेची भेंडोळी आणि तेलात मळलेली, कधीच न वाळणारी माती. पोटातल्या बाळाचा दाण्याएवढा जबडा ते वीतभर करून दाखवत.

"काका, आधीच हाड का नाही येत?" नव्या वर्गातलं कुणीतरी विचारायचंच.

"घाई कसली? आधी परांची, मग भिंत."

मग ते बोटानं दाखवत. कानापासून हनुवटीकडे, दोन्ही बाजूंनी कूर्चेची एकेक मऊ काडी येते. तिच्या अंगाला लागून, बाहेरच्या बाजूनं हाड धरतं. हाड उभं राहिलं की काडी बहुतेक विरून जाते. मागच्या टोकाची तेवढी कानात दोन इवलीशी हाडं होतात. "आणि हे सगळं सुरू होतं दुसऱ्या महिन्यात. आईला मळमळतंय ते बाळामुळे की पित्तामुळे, हेही कळलेलं नसतं!" मुलं हसत. काकाही हसत.

लेकीला पाचवा महिना लागला, तेव्हा एका दुपारी ती आणि जावई सोनोग्राफी करून थेट त्या खोलीत आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं: खालचा जबडा जवळजवळ धरलेलाच नाही, कान गळ्याशी उतरलेत, जन्मल्यावर श्वास घेता येणार नाही. गर्भ इथंच थांबवायचा की पुढे जायचं, ते लवकर ठरवा.

काका स्टुलावर बसले. तिनं गोड बातमी दिली होती, पेढ्यांचं काय करायचं म्हणून त्यांनी बायकोशी वाद घातला होता, तेव्हाच हे होऊन गेलेलं होतं.

"बाबा, त्या करड्या चित्रात मला काही दिसत नाही. तुम्ही करून दाखवा."

"काय करून दाखवू?"

"जगाच्या पोरांची तोंडं करता ना? माझ्याचं करा."

"नको गं."

"मी बघितल्याशिवाय कसं ठरवू?"

लेकीपुढे त्यांचं कधी चाललं नव्हतं. रिपोर्टातली मापं समोर ठेवून त्यांनी माती घेतली. बिघडलेला जबडा त्यांनी आयुष्यात केला नव्हता. संग्रहालयाला नीट घडलेलेच लागत. कपाळ झालं, नाक झालं, कान खाली उतरले. ओठाखालची माती त्यांनी मापानं खरवडून काढली. तिथं गळाच उरला. मग कडा गुळगुळीत करायला त्यांनी अंगठा फिरवला, मागून पुढे, नेहमी फिरवत तसा.

लेक वाकून पाहत राहिली. "एवढंच?" ती जावयाकडे वळली. "अहो, एवढीशी हनुवटी तर माझ्या आत्याचीही आहे!"

"तिची शोधायला दिवा लागतो," जावई म्हणाला, आणि किती तरी वेळानं हसला. "पण बोलते चौघींचं."

काकांनी तेव्हा नीट पाहिलं. खरवडलेली जागा भरून आली होती. अंगठ्यानं माती पुढे आणली होती. लहानशी, पण हनुवटीच.

"चुकलं माझं. एवढी नाहीये ती. सवयीनं आली." ते दाबायला पुढे झाले. तिनं मनगट धरलं.

"हात काढा बाबा."

"अगं, खोटी आहे."

"काढा म्हटलं ना!"

एक दाब पुरला असता. जावई जमिनीकडे पाहत होता. काकांनी हात काढला.

तिनं डॉक्टरीणबाईंना पुढे जायचं म्हणून कळवलं. नंतर काकांनी फोनवर समजावलं, जेवताना समजावलं. "डॉक्टरांचंही चुकतं की," ती म्हणायची. बायको त्यांच्यावरच चिडायची, "आधी करून दाखवायचं आणि मग बोलायचं!" पोट वाढत गेलं. बाळ रात्रंदिवस लाथा मारी. आत श्वास घ्यावाच लागत नाही. तिथं त्याचं सगळं छान चाललं होतं.

मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, डोकंभर जावळ. रडायला तिनं छाती आत ओढली, पण आवाज फुटला नाही. डॉक्टरांनी नळी घालून पाहिली, पुन्हा घालून पाहिली, मग थांबले आणि तिला आईच्या कुशीत दिलं.

काकांना आत बोलावलं तेव्हा सगळं संपलं होतं. लेकीनं दुपट्यातला चेहरा त्यांच्याकडे वळवला.

"बाबा, हिला दुखलं असेल का हो?"

नर्स दाराशी थांबली होती, बाळाला न्यायला. लेकीनं दुपटं वर ओढून घेतलं.

"गार लागतंय तिला. खिडकी लावा ना."

काका खिडकीपाशी गेले. ती लावलेलीच होती.