चुनरीआडचा दिवा

चैत्रात आमच्या गावाची गाडी सप्तशृंगीच्या गडाला निघते. निघण्याआधी मला गाडीतून न्यायच्या ज्योतीसमोर बसवतात आणि एक गोष्ट सांगायला लावतात. गडावरच्या आईनं ट्रकचं इंजिन कसं राखलं, ती. ऐकताना बाया डोळे पुसतात, मुलं माझ्या पाया पडतात. वर्षानुवर्षं मी ती सांगत आलो आणि सांगून उठलो की मला प्रसादाचा घास गोड लागत नसे. आईनं माझी हाक ऐकली की नाही, ही शंका मला कधी आली नाही. शंका होती ती माझ्याच तोंडाची. त्या गोष्टीत आई होती, ट्रक होता, मी होतो. आनंदा नव्हता. त्याला मी गाळलं होतं. आता वय झालं, म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

आमचं गाव शिरपूरकडचं. ट्रक माझा होता आणि मीच चालवायचो. आनंदा आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतला, माझा लहानपणापासूनचा सोबती आणि डिझेल इंजिनाचा मिस्तरी. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी यात्रेच्या तोंडावर इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमधून तेल गळू लागलं. आनंदा तेव्हा जळगावला लेकीकडे गेला होता. त्याची वाट पाहायला हवी होती, पण मला घाई. मी स्वतःच चेंबर खोललं आणि पुन्हा गळू नये म्हणून कडेनं पॅकिंगची पेस्ट चांगली जाडजूड फासली. गळती थांबली. मी खूश झालो आणि आनंदा परत आल्यावर त्याला काही बोललो नाही.

गडाला निघालो. मागे म्हातारी माणसं, बायका, शिधा. ज्योत माझ्या केबिनमध्ये आणि शेजारी आनंदा. त्याला धुळ्याला सामान घ्यायला जायचं होतं. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला आणि समोरचा लाल दिवा पेटला. तेलाचा दाब कमी झाला की तो पेटतो. दाब नसेल तर आतले भाग कोरडे घासतात आणि इंजिन जाम होतं. आमच्या गावात असं मानतात, की ज्योतीची गाडी वाटेत बिघडली तर गावाचं वर्ष वाईट जातं. त्यामुळे ज्योत नेणारा ड्रायव्हर बिघाड कबूल करायला धजत नाही. मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि सगळ्यांना म्हणालो, "इथं आरती करू."

आरती झाली. गाडी सुरू केली, तर दिवा विझलेला. पेटलेला दिवा कुणीतरी आधी पाहिला होता; तो विझल्याचं कळताच ट्रकभर जयजयकार झाला. आनंदा तेवढा त्या दिव्याकडे पाहत होता. तो हळूच म्हणाला, "भाऊ, चेंबर कोनी उघडेल शे का?"

"नही," मी म्हणालो.

"मंग थांब जरासा. दिवा आपोआप विझना, हाई माले बरं दिखत नही."

केबिनच्या मागच्या खिडकीतून एकजण ओरडला, "आनंदा, तुले आईनं काय समजस रे? तुना पाना संभाळ!" लोक हसले. मी त्यांना अडवायला हवं होतं. उलट मीच बोललो, "आनंदा, तू उतर. तुझ्यामुळे शकुन बिघडतो." त्यानं माझ्याकडे पाहिलं, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि उतरला. आरशात तो लहान होत गेला. ते मी पाहिलं आणि नजर काढून घेतली.

धुळं मागे पडलं आणि दिवा पुन्हा पेटला. ज्योतीला वाहिलेली एक चुनरी मी उचलली आणि त्या दिव्यावर टाकली. आईसमोर बसून मी हे केलं. मनात म्हणत होतो, आई, एवढा गड चढू दे. पुढे घाट होता. घाटात इंजिन जाम झालं असतं, तर मागे बसलेल्या माणसांचं काय झालं असतं, हा विचार मी येऊ देत नव्हतो. मग इंजिनातून ठकठक येऊ लागली. लिंबाच्या झाडाखाली गाडी उभी केली आणि पहिल्यांदा खरं बोललो, "आई, मला काही कळत नाही."

थोड्या वेळानं एक दूधवाल्याची मोटारसायकल येऊन थांबली. मागून आनंदा उतरला.

"तू कसा उना?" मी विचारलं.

"दिवा लागेल ऱ्हाता तर तू थांबता. विझना म्हनीसन मी मांगे उनू." दिवा विझला, आता हा थांबणार नाही, म्हणून तो मागे आला होता.

वर चढून त्यानं चुनरी पाहिली. ती नीट घडी करून ज्योतीपाशी ठेवली. मग पट्टी काढून तेल मोजलं. तेल भरपूर होतं. बोटावर घेऊन वास घेतला, डिझेल मिसळलेलं नव्हतं. दिव्याचा स्विच काढून त्या जागी आपलं दाब मोजायचं मीटर बसवलं. "आधी बघू, दिवा खोटं बोलतो का तेल." गाडी सुरू केली. काटा वर गेला. जरा रेस दिली आणि तो हळूहळू खाली आला. बंद करून थोडं थांबून पुन्हा सुरू केलं, तर काटा परत वर. "पोट भरेल शे," तो म्हणाला, "पन गळा कोनी तरी धरेल शे."

त्यानं चेंबर खाली उतरवलं. पंप ज्या जाळीतून तेल ओढतो, तिला आत ओघळून सुटलेल्या माझ्या पेस्टच्या पट्ट्या चिकटल्या होत्या. इंजिन चालू असलं की त्या जाळीवर ओढल्या जायच्या, बंद केलं की सुटून पडायच्या. सोनगीरला दिवा विझला तो त्यामुळे. ठकठक सुरू होताच गाडी थांबली, म्हणून आतली बेअरिंगं वाचली होती. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग सगळ्या पट्ट्या खिशात घातल्या आणि लोकांना म्हणाला, "काही नाही. जाळीत कचरा अडकला होता."

एक अक्का हात जोडून म्हणाली, "आईनीच गाडी थांबाडी!" सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "हो. आईनंच." त्याच वेळी गोष्ट तयार झाली. चेंबर बसवून, काढलेलं तेल परत भरून आनंदानं मातीनं हात घासले, पाणी प्यायला. मी म्हटलं, "चल ना गडावर." तो हसला. "नको बाबा, शकुन बिघडी जाई." आणि परत फिरला.

यंदा ज्योतीसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. पेस्ट, खोटं, चुनरी, आणि शकुनाचं बोलणंही. मग तीच अक्का, आता पार वाकलेली, म्हणाली, "मंग तठे काय बसेल शे? त्याले जाईसन सांग."

आनंदा आता जळगावला लेकीकडेच असतो. त्याचे हात थरथरतात, पाना धरवत नाही. मी तिथं जाऊन सांगत होतो आणि तो चहा बशीत ओतायचा प्रयत्न करत होता. सांगून झालं, तसा त्यानं बशी माझ्यापुढे सरकवली. "तूच वत," तो म्हणाला. मी ओतला. दोन घोट घेऊन तो म्हणाला, "आते लागना का तुना दिवा? भलताच येळ लाया, भाऊ."

आम्ही दोघंही हसलो आणि माझे डोळे भरून आले. दिवा विझला त्याला मी इतकी वर्षं आईची कृपा म्हणत होतो. ती तर तो पुन्हा पुन्हा पेटवत होती, मी झाकत होतो. तरी तिनं माझ्यामागे माणूस धाडला, आणि तोही मीच उतरवून दिलेला. आता मी तिच्याजवळ काही मागत नाही. तू थांब म्हणशील तिथं थांबायचं, एवढंच मला उशिरा का होईना शिकवलंस, आई, तुझे उपकार.