बागेतल्या गाडीचा नियम

ती घटना आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. कागदावर मी ती दोनदा लिहिली आहे, एकदा स्टेशन डायरीत आणि एकदा कोर्टाला पाठवलेल्या अहवालात. दोन्हीकडे एका माणसाबद्दल एवढंच आहे: 'चौकशीकामी बोलावून सोडून दिले.' हे वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि त्या अपुरेपणानं एक घर बुडालं. म्हणून आता तिसऱ्यांदा लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही.

जाफराबाद आणि टेंभुर्णीच्या मधल्या माळावर, रस्त्याला लागून एक बाग होती. बाग आपली म्हणायची. झाडं थोडी आणि पाळणे जास्त. आसपासच्या खेड्यांतल्या लेकरांची सुट्टी तिथंच पार पडायची. मूळ मालक तरुणपणी चार पेट्यांचा लाकडी पाळणा बैलगाडीत घालून जत्रेजत्रेनं हिंडायचा. पाळणा हातानं ढकलायचा, एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं बायको. पुढं लोखंडी आकाशपाळणा आला, मग माळाची ही जमीन घेतली आणि फिरतं बिऱ्हाड एका जागी थांबलं. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी म्हणून गेलो तेव्हा मालक वारला होता आणि तिघं मुलं बाग चालवत होती. थोरल्याकडे आकाशपाळणा आणि लाकडी घोड्यांची चक्री, धाकट्याकडे मौत का कुआँ आणि हसऱ्या आरशांची खोली, मधल्याकडे गाडी. म्हातारी आई फाटकाजवळच्या खोलीत बसून तिकिटं फाडायची. तिच्या डोक्यावर भिंतीला बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तसबिरीला रोज ताजा हार असायचा.

गाडी म्हणजे विहिरीवरचं डिझेल इंजिन, त्याला पत्र्याचं तोंड, हिरवा रंग आणि मागं चार उघडे डबे. रूळ सगळ्या बागेला वळसा घालून जायचे. माझी मुलंही त्या गाडीत बसली आहेत. आरशांच्या खोलीत एक लंबा आरसा होता, त्यात मी बांबूसारखा दिसायचो. पत्नी म्हणायची, "ह्या आरशालाच घरी नेऊ या, तुमची ढेरी तरी जाईल."

एकदा बंदोबस्ताला गेलो असताना म्हातारीनं चहा पाजत गाडीची एक रीत सांगितली. हरवलेलं लेकरू सापडलं की त्याला इंजिनामागच्या पहिल्या डब्यात एकटं बसवायचं आणि गाडी सोडायची. गाडी सगळीकडून फिरते. आईबाप कुठंही असले तरी लेकरू त्यांच्यासमोरून जातं.

"हे आमच्या मधल्यापासून सुरू झालं," म्हातारी म्हणाली. "जत्रंत हरवल्ता. मी येड्यावानी हिंडून राह्यले, आन् हे बेणं बसलंय दुसऱ्या कुणाच्या पाळण्यात, पार वरच्या पेटीत! कुण्या भल्या माणसानं बसवलं, का आईला दिसावं. मी खालून वरडले, माझं हाय ते, वळखलं मी, उतरवा!"

मधला शेजारीच इंजिनाला तेल घालत होता. "तवापासून हिनं मला चाकावरून उतरू देल्लं न्हाई, साहेब."

"मंग? कलेक्टर होणार होता का?" म्हातारी म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

हे सगळं मला माहीत होतं. पुढचं वाचताना ते लक्षात ठेवावं.

उन्हाळ्याच्या सुट्टीतला रविवार होता. मोबाईल खेड्यापाड्यांत पोचले होते, कॅमेरे मात्र कुठं नव्हते. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी आवई त्या दिवसांत गावोगाव उठली होती, आणि आम्ही रोज कुठल्या ना कुठल्या भिकाऱ्याला जमावाच्या हातून सोडवत होतो. अशात ठाण्यात फोन आला की बागेतून मुलगी पळवली.

मी पोचलो तेव्हा वीज गेलेली होती. भोंगा बंद, आकाशपाळणा थांबलेला. चालू होती ती फक्त डिझेलवरची गाडी. मुलीचा बाप मोठ्या शेतीवाडीचा, तालुक्यात वजन असलेला माणूस. बरोबर त्याची बायको होती, रडून सुजलेल्या डोळ्यांची. मुलगी पाच वर्षांची. आरशांच्या खोलीत अंधार झाला तेव्हा तिचा हात सुटला. कुणीतरी तिला गाडीवाल्याकडे आणून दिलं, त्यानं रीतीप्रमाणे डब्यात बसवलं. पुढच्या फेरीत एक बाई तिला घेऊन गेली. बाई कोण, कुठली, कुणालाच माहीत नव्हतं. बापानं फिर्याद दिली, अज्ञात महिलेविरुद्ध अपहरणाचा गुन्हा दाखल झाला, नाकाबंदी लावली, आणि गाडीवाल्याला मी जीपमध्ये घातलं.

संध्याकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, बाईनं जाताना गाडीवाल्याच्या हातात पुडी देल्ली. मी डोळ्यानं पाह्यली."

"पैशाची?" मी विचारलं.

"आता पुडीतलं मला काय दिसणार? असतील बी."

पुडी हा शब्द खबऱ्याचा होता. पैसे हा शब्द माझा.

ठाण्यात मुलीच्या बापाला मी खुर्ची दिली होती, गाडीवाला उभा होता. कुणाला बसवायचं आणि कुणाला उभं ठेवायचं, हे मला वरून कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय होती.

"बाई कोण होती?"

"माहीत न्हाई साहेब."

"मग लेकरू कसं दिलंस?"

"म्या देल्लं न्हाई, ते गेलं. बाई रुळाच्या कडंला बसल्ती. लेकरानं पाह्यलं आन् चालत्या गाडीतून उठाया लागलं. म्या बिरेक मारला. त्यानं पळत जाऊन तिच्या मानंत तोंड खुपसलं. आमच्यात मागणाऱ्याला लेकरू देत न्हाईत, साहेब. लेकरू ज्याच्याकडं जाईल त्याला देतात."

बाप खुर्चीतून उसळला. "माझी पोरगी परक्या माणसाकडं ढुंकून पाहत न्हाई! ह्यानं विकली तिला!"

"आणि पुडी कशाची होती?" मी विचारलं.

"साखरफुटाण्याची. लेकरू सापडलं का आईबाप गाडीतल्या पोरांना वाटाया देतात. बिलकुल खरं सांगून राह्यलो. वाटले म्या."

मी हसलो. मग मारलं. किती आणि कसं, ते लिहून आता कुणाचं भलं होणार नाही. त्याचा डावा कान त्या दिवसापासून नीट ऐकत नाही, एवढं लिहितो. मधे त्यानं पाणी मागितलं. "आधी नाव सांग," मी म्हणालो. बाईचं नाव त्याच्याकडे नव्हतंच.

वरिष्ठांचे फोन सुरूच होते. सकाळी बागेच्या फाटकाबाहेर ही गर्दी! घटनास्थळाचा पंचनामा करायचा होता. त्यासाठी आरोपीला गाडीत बसवायची काहीएक गरज नव्हती. रूळ जिथं होते तिथं होते. पण पोलीस काहीतरी करताहेत हे गर्दीला दिसावं असं मला वाटलं. मी गाडीवाल्याला बेड्या घालून पहिल्या डब्यात बसवलं, शेजारी दोरी धरून शिपाई, आणि इंजिन चालवायला त्याच्या थोरल्या भावाला लावलं. "कुठं थांबवलीस ते दाखव," मी म्हणालो. ती धिंड होती. पंचनामा हे तिचं कागदावरचं नाव.

गाडी निघाली. लोक रुळाच्या दोन्ही बाजूंनी धावत होते. "पोरं विकतो व्हय रं!" ढेकळं आली, एक चप्पल आली. तो मान खाली घालून बसला होता. गाडी फाटकाजवळच्या वळणावर आली आणि म्हातारी तिकिटांच्या खोलीतून बाहेर पडून रुळांच्या मधे उभी राहिली. थोरल्यानं ब्रेक मारला.

तिनं आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, ते लेकरू माझं हाय. वळखलं मी. द्या."

डब्यातला माणूस बेड्यांसकट उठायला लागला. शिपायानं दोरी ओढून त्याला खाली बसवलं.

मी म्हणालो, "आजी, बाजूला व्हा. सरकारी कामात अडथळा आणू नका." दोघा शिपायांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं.

गाडी पुढं जायच्या आत जे घडलं त्यावर हा तपास फिरला. चक्रीच्या सावलीत मुलीच्या बापाची बायको बसली होती, जवळ आमची एक महिला शिपाई होती. बायको रडत तिला म्हणत होती, "बाई, तो खोटं बोलून राह्यला. ती अजून माझ्या जवळ येत न्हाई, मंग परक्या बाईच्या मानंत तोंड कशी घालंल?"

मी चार पावलांवर होतो. मीही ऐकलं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. महिला शिपायानं मात्र हळूच विचारलं, "अजून म्हणजे? तुम्ही कधी आलात ह्या घरात?"

ती बाई नवऱ्याकडे पाहायला लागली.

मी गाडी तिथंच उभी ठेवायला सांगितली आणि बापाला तिकिटांच्या खोलीत नेऊन दार लोटलं.

"मुलीची आई कुठं आहे?"

"बाहेर बसलीय की."

"जन्म दिलेली."

"वारली."

"कुठं? कधी? दाखला आणा मृत्यूचा."

"आमच्यासाठी वारली," तो म्हणाला. हाकलून दिलेली बायको हसनाबादेत भावाकडे राहत होती. ती बाई कोण असणार, हे त्यानं आदल्या दुपारीच ओळखलं होतं. मग सांगितलं का नाही? "तुम्ही तिला अपहरणात उचलून आणली असती, तर पोरीवरचा तिचा हक्कच संपला असता, माझं काम बराबर झालं असतं." एवढं म्हणून तो माझ्याकडे अशा नजरेनं पाहत राहिला, की जणू आम्ही दोघं एकाच बाजूचे आहोत. आणि कालपासून मी होतोच.

हसनाबादेत घराचं दार उघडंच होतं. मुलगी ओसरीवर दूधभाकरी खात होती. वर्दी पाहिली आणि तिनं ताट सोडून आईच्या मानेत तोंड खुपसलं. गाडीवाल्यानं सांगितलं होतं अगदी तसंच.

"मी चोरली न्हाई," आई म्हणाली. तिनं मुलीला घट्ट धरलं होतं, पण आवाज शांत होता. "दर सुट्टीला मी त्या रुळाकाठी बसते. तालुक्यातलं कोणतं लेकरू तिथं येत न्हाई? एक दिवस माझं बी येईल म्हणलं. न्यायची असंल तर न्या साहेब, पण एकडाव तिला तर विचारा."

"गाडीवाल्याला पुडीत काय दिलं होतं?"

"साखरफुटाणे. काहून?"



मुलीला बालकल्याण समितीपुढं हजर केलं. ताब्याबाबत कोर्टाचा कसलाच आदेश नव्हता, आईनं स्वतःचं मूल नेण्यात अपहरण बसत नव्हतं. पुढं कोर्टातही मुलगी आईकडेच राहिली. मला मात्र शाबासकी मिळाली. पोलिसांच्या तत्परतेनं मुलगी सुखरूप, असं छापून आलं. गाडीवाल्याचा काही दोष नव्हता हे कुणी छापलं नाही, कारण ते मी कुणाला सांगितलंच नाही. त्याला सोडताना मी फक्त "जा" म्हणालो.

बेड्या घातलेला तो सगळ्या तालुक्यानं पाहिला होता. सुटलेला कुणी पाहिला नाही. पुढच्या सुट्टीत बागेत लोक फारसे आले नाहीत. आल्या त्या बायांनी लेकरांना गाडीपासून लांब धरलं. आधी कुआँ विकला गेला, मग आकाशपाळणा भंगारात गेला. म्हातारीही गेली. मी बदलीवर होतो तिथं मला हे कळत राहिलं, आणि मी दुसऱ्या कामात लक्ष घालत राहिलो.

नोकरीनं मला पुष्कळ शिकवलं, पण ह्या प्रकरणानं शिकवलेलं सगळ्यात उशिरा कळलं. ठाण्यात येणारा प्रत्येक जण काही ना काही मागायला येतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या हातात आपण पटकन देऊन टाकतो. त्या दिवशी मी खरेपणाही तसाच देऊन टाकला. ज्या माणसाकडे मागणाऱ्याला पारखायची रीत होती, त्यालाच मी त्या रीतीसाठी मारलं.

यंदा दिवाळीनंतर मी एसटीनं तिथं गेलो. फाटक नाही. रुळांवर गवत आहे. इंजिन पत्र्याच्या शेडखाली उभं आहे, हिरवा रंग अजून थोडा शिल्लक आहे. तो शेडजवळ बसला होता. मला पाहून उठला, आत गेला आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला. मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो.

जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. माफीचे शब्द सगळे सारखेच असतात. हे सगळं लिहून छापणार आहे, एवढं सांगितलं.

"आईनं मागितल्तं, साहेब," तो म्हणाला. "आन् म्या तिच्याकडं जायला उठल्तो बी. नियमानं बराबर होतं."

"हो," मी म्हणालो. "बरोबर होतं."

"मंग लिहा. माझं नाव घाला, न घाला. नियम तेवढा बराबर लिहा. लोक म्हणतात, हे कुणी बी मागितलं का लेकरू देत होते. तसं न्हाई ते."

मी वही काढली. त्यानं सावकाश सांगितलं आणि मी जसंच्या तसं उतरवून घेतलं.

"हरवलेलं कुणी आलं, का आधी त्याला पाणी द्यायचं. नाव-गाव मंग. पाणी पिऊन झालं का पुढच्या डब्यात बसवायचं, सगळ्यांला दिसंल असं. गाडी हळू हाकायची. मागणाऱ्याला द्यायचं न्हाई. ते ज्याच्याकडं जाईल, त्याला द्यायचं."

माझ्या हातातला तांब्या अजून अर्धा भरलेला होता.

"प्या," तो म्हणाला.