जनरलची शिट्टी

माजी सैनिकांच्या निवासात, तळमजल्याच्या वॉर्डात, सैन्यात कधीच न गेलेला पुरुष एकच होता आणि त्यालाच सगळे जनरल म्हणत. तो तिथला मुख्य सेवक. तरुणपणी भरतीला गेला होता, पण तळपाय सपाट निघाले आणि त्याला दारातूनच परत पाठवलं. ज्या सैन्याने त्याला घेतलं नाही, ते सैन्य म्हातारं होऊन, दात गमावून, चादरी ओल्या करत त्याच्याच ताब्यात आलं. तेव्हा त्याने गळ्यात शिट्टी अडकवली.

शिट्टीवर उठायचं, शिट्टीवर चहा, शिट्टीवर जेवण. संडासलासुद्धा शिट्टीवरच. अधेमधे कोणाला लागली तर हा विचारी, लढाईत काय करत होतात मग? जन्मभर हुकूम पाळलेली ती माणसं निमूट ऐकत आणि याला वाटे, केवढा आपला दरारा! सूर्य आपल्यामुळेच उगवतो असं गजराच्या घड्याळाला वाटावं, त्यातली गत. घरी मात्र शिट्टी खिशात जाई. या घरात शिट्टी फक्त कुकर वाजवेल, असं बायकोने लग्नानंतर लगेचच बजावलं होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना राज्याच्या विधिमंडळाला अवदसा आठवली. कायदा झाला. माजी सैनिकांची देखभाल करणाऱ्या प्रत्येकाने प्रशिक्षण घ्यायचं आणि शेवटी प्रात्यक्षिक द्यायचं. जो नापास होईल त्याने म्हाताऱ्यांना हात लावायचा नाही. म्हणजे जनरलची रवानगी कपड्यांच्या कोठीत, चादरींच्या घड्या घालायला. आणि चादरी शिट्टीवर उठत नाहीत.

त्याने कायद्याचा यथेच्छ उद्धार केला. कायदा करणाऱ्या एका तरी मंत्र्याने कधी कुणा म्हाताऱ्याची दाढी केली आहे का, असं तो भिंतींनाही विचारू लागला. शिकवायला एक निवृत्त नर्सबाई आल्या. घास गिळताना अडकतो कसा, आठवण गेलेल्या माणसाशी बोलायचं कसं, हे बाई सांगत राहिल्या आणि जनरल मागच्या बाकावर घोरत राहिला. जांभई देण्यापुरता तेवढा जागा होई.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाईंनी नियम सांगितला. आधी प्रत्येकाने रुग्ण व्हायचं, मग सेवक. रुग्ण मधेच स्वतःहून उठला तर नापास. जनरलच्या कानात कापूस गेला, चष्म्याला व्हॅसलीन फासलं गेलं, दोन्ही हातांना पट्ट्या गुंडाळून त्यांच्या मुठी झाल्या. सेवेला आल्या वॉर्डातल्या मावशी. त्यांना सगळं काम जनरलनेच शिकवलेलं.

"रोज करता तसंच करा हं मावशी," बाई म्हणाल्या.

मावशी आज्ञाधारक बाई. त्यांनी तस्संच केलं. सुपाचा पहिला चमचा दातांवर आपटला आणि तो गिळायच्या आत दुसरा आला. तोंड उघडा, नखरे नकोत, हे शब्दही जनरलचेच. मधेमधे त्याच्या डोक्यावरून त्या दुसऱ्या सेविकेशी आपल्या सुनेबद्दल बोलत होत्या. सूप हनुवटीवरून ओघळत मानेत गेलं.

आणि मग त्याला लागली. सकाळपासून कायद्याच्या संतापात चहावर चहा झाले होते, ते आता जाब विचारू लागले.

"मावशी, मला खरंच जायचंय."

"शिट्टी झाली नाही अजून."

"अहो, मी जनरल!"

"इथे सगळे तसंच म्हणतात," मावशी त्याचा गळा पुसत म्हणाल्या.

शिट्टी त्याच्याच गळ्यात होती आणि पट्ट्यांच्या मुठीत काही ती येईना. उठावं तर कोठी. दारात म्हातारे जमले होते, फुकटचा सिनेमा बघायला जमावं तसे. त्यांतून वॉकर ठोकत बिगुलवाला पुढे आला. हा एकेकाळी पलटणीत बिगूल वाजवायचा आणि 'लढाईत काय करत होतात' हे सगळ्यांत जास्त वेळा त्यालाच ऐकावं लागलं होतं. त्याने जनरलच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, सदऱ्याला स्वच्छ पुसली, चिखलाच्या बुटाकडे बघावं तसं खाली पाहिलं, आणि फुंकली.

मावशींनी जनरलला तत्परतेने उठवलं. अर्ध्या वाटेत जे झालं ते सगळ्या वॉर्डाने पाहिलं, तेव्हा आपण नाही पाहिलं तरी चालेल.

दुपारी कोठीतली विजार घालून जनरल सेवक झाला. रुग्ण म्हणून समोर बिगुलवाला. जनरल खाटेशी वाकला, बहुधा पहिल्यांदाच.

"बाबा, जायचंय का?"

"शिट्टी झाल्यावर."

शिट्टी म्हाताऱ्याच्याच हातात होती. जनरलचा हात सवयीने पुढे गेला आणि म्हाताऱ्याची मूठ मिटली. बाईंचं पेन थांबलं. जनरलने त्या मुठीकडे पाहिलं, हात मागे घेतला, स्टूल ओढलं आणि बसला. म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला बहुतेक जायचंही नव्हतं. तरी जनरल बसून राहिला. बऱ्याच वेळाने शिट्टी वाजली, तेव्हा कुठे उठला.

बाईंनी त्याला पास केलं, काठावर. शिट्टी मात्र परत मिळाली नाही, आणि मागायची त्याची छाती झाली नाही. आपल्याला शिकवण्यासारखं काही उरलं होतं, हे तो आजही कबूल करत नाही. वॉर्डात बसून कायदा करणाऱ्यांना शिव्या घालतो. मधेच शिट्टी वाजते. शिवी तोंडात अर्धी ठेवून तो उठतो.