कुसुमची कळशी

भांडं हातात आलं की श्रावणजी आधी ते पालथं घालायचे, बुडावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि मग चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडे बघत विचारायचे, "कोण देऊन राहिलं, अन् कोणाले?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्यांची हातोडी उठत नसे. गिऱ्हाईक घाईत असलं, "टाका हो काहीतरी" म्हणालं, की ते भांडं शांतपणे बाजूला ठेवून बिडी पेटवत. नागपुरात इतवारीच्या भांडे ओळीत एका शेठच्या दुकानाबाहेर, लाकडी फळीवर, ते भांड्यांवर नावं टाकायला बसत. एवढीशी छिन्नी, एवढीशी हातोडी, आणि ठिपक्या-ठिपक्यांनी उमटत जाणारं छापल्यासारखं अक्षर.

माझी त्यांची पहिली भेट एका जेवणाच्या डब्यावरून झाली. साठचं दशक संपत आलं होतं. सरकारी कर-खात्यात मी नुकताच इन्स्पेक्टर झालो होतो आणि त्या आनंदात स्टीलचा डबा घेतला होता. श्रावणजींनी विचारलं, "कोणं देल्ला?" मी म्हणालो, "कोणी नाही. मीच घेतला." त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. संपल्यावर नेहमीच्या रिवाजानं मोठ्यानं वाचून दाखवलं, "पाठक. स्वतःकडून." तो डबा मी पुढे नोकरीभर वापरला आणि ऑफिसातल्या लोकांनी नोकरीभर माझी टिंगल केली. मी चिडून एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "मंग काय टाकाचं होतं, सायेब? खोटं?"

ते मूळचे खाप्याचे. चौथीनंतर शाळा सुटली आणि शहरात एका तांबटाच्या हाताखाली छिन्नी धरायला शिकले. छप्पन साली बायको आणि दोन मुलींसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि ते नागपुरातच, इंदोऱ्याच्या वस्तीत राहत होते. मी त्यांना एकदा विचारलं, नावाबद्दल एवढा कटकटेपणा कशाला? ते म्हणाले, "दीक्षेत खोटं बोलाचं नाही असं ठरलं. बोलण्यात एखांद्या वेळी सुटून जाते बाप्पा, माणूसच हाय. पण कोरलेलं कसं सुटन? पितळेचं भांडं मोडीत जाते, नावही त्याच्यासंगं वितळून जाते. स्टीलची मोड कोणी घेत नाही. याच्यावरचं नाव तुमच्या-माह्या मागं राहणार हाय."

ऑफिस सुटल्यावर त्यांच्या फळीवर टेकून चहा पिण्याची मला सवय लागली. आम्ही महालातले ब्राह्मण. चहा कोणाबरोबर पितो हे मी घरी आईला सांगितलं नव्हतं. तेव्हा त्यात मला काही वाटतही नव्हतं, आता वाटतं.

त्याच सुमारास नेपाळचं आणि आपलं स्टीलवरून बिनसलं. सख्खा शेजारी, मित्रदेश, जायला-यायला पासपोर्ट लागत नाही. पण परदेशी पत्रा तिकडे हलक्या करात उतरायचा, त्याची भांडी व्हायची आणि ती बिनकराची इकडे यायची. त्याच पत्र्यावर आपल्या कारखानदारांना भरमसाट कर होता. त्यांनी ओरड केली, दिल्लीनं नेपाळी स्टीलवर कर बसवला, काठमांडूत लोक संतापले. वर्तमानपत्रं रोज दोन्हीकडची गाऱ्हाणी छापत होती. आमच्या खात्याला हुकूम आला की बाजारातला चोरटा माल शोधा.

श्रावणजींना या भांडणाची झळ घरातच लागत होती. त्यांची थोरली मुलगी सुमन नेपाळात, बिरगंजला दिलेली होती. जावई नेपाळचाच, बौद्ध, नागपुरात लेथचं काम शिकायला आला होता आणि त्यांच्याच गल्लीत राहिला होता. आता तो तिकडच्या भांड्यांच्या कारखान्यात होता. श्रावणजी म्हणायचे, "सोयऱ्यांत भांडण झालं का पोरीच्या पेटीतल्या वस्तू मोजल्या जातात. ज्यानं भांडण केलं त्याची पेटी कोणी उघडत नाही."

एक दिवस चहा पिताना ते अस्वस्थ दिसले. म्हणाले, "शेठ म्हणून राहिला, दोनशे भांड्यांवर नावं टाका. म्या विचारलं, कोणाचं लग्न? तर म्हणे, कोणाचंच नाही, मनाला येईन ते टाका. म्या नाही म्हटलं. आता दुसरा माणूस आणून राहिला." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरगुती वापराच्या, आहेरात आलेल्या भांड्यांना कर नव्हता. कर होता तो विक्रीच्या मालाला. नाव टाकलेलं भांडं म्हणजे आहेराचं भांडं. शेठची युक्ती साधी होती आणि ती मला श्रावणजींनी मित्र समजून सांगितली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठांच्या टेबलावर अहवाल ठेवला. शाबासकी मिळाली, आणि खोटं कशाला बोलू, ती मला गोड लागली.

धाड पडली ती चार दिवसांनी, दुपारी. दुकानातून नेपाळी शिक्क्याची दोनशे भांडी निघाली, प्रत्येकावर कुठल्या तरी न झालेल्या लग्नातलं नाव. बाहेर फळीवर श्रावणजी मांडीत स्टीलची कळशी घेऊन बसले होते. शेजारी परात आणि तीन डबे. धाकट्या कुसुमच्या लग्नासाठी सुमन ते बिरगंजहून घेऊन आली होती आणि बाप आपल्या हातानं त्यांवर नावं टाकत होता. कळशीवर ‘चि. कुसुमला सुमन’ एवढं झालं होतं. ‘कडून’ राहिलं होतं.

आमच्या वरिष्ठांनी कळशी उलटी केली. बुडाला तोच नेपाळी शिक्का. श्रावणजी उठून उभे राहिले. "हे माह्या घरचं हाय, सायेब. पोरीचं लग्न हाय परवा. नाव खरं हाय." वरिष्ठ हसले. आतल्या दोनशे भांड्यांवरची नावंही खरीच आहेत, असं शेठही सांगत होता. मग ते माझ्याकडे वळले. "पाठक, या माणसाला ओळखता का?"

प्रश्न साधा होता. हो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, कसे ओळखता? रोज चहा पिता? मग आत काय चाललंय ते आधीच का नाही कळवलं? नवी नोकरी, ताजी शाबासकी. मी म्हणालो, "येता-जाता पाहिलं असेल. ओळखत नाही."

श्रावणजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वरिष्ठांना म्हणाले, "एक शब्द राहिला हाय. तेवढा टाकू द्या." कोणी टाकू दिला नाही. पाचही भांडी पंचनाम्यात गेली. पंचनामा मी लिहिला.

कुसुमचं लग्न झालं. बिरगंजहून दोन रात्रींचा प्रवास करून आलेली सुमन बहिणीच्या लग्नात रिकाम्या हातानं उभी राहिली. शेठला वाटलं की श्रावणजींनीच चुगली केली, त्यानं त्यांना फळीवरून उठवलं. पुढे ते इंदोऱ्याच्या रस्त्यावर एका कडुनिंबाखाली गोणपाट टाकून बसू लागले. काम निम्म्यावर आलं. प्रश्न विचारणं मात्र बंद झालं नाही.

दोन-तीन वर्षांनी खटला संपला आणि मालाचा लिलाव झाला. खात्याच्या माणसाला बोली लावता येत नव्हती, म्हणून मेहुण्याला पाठवलं. बाकीची चार भांडी कुठे गेली कोण जाणे, कळशी तेवढी मिळाली. ती घेऊन मी कडुनिंबाखाली गेलो. मोठा तीर मारल्यासारखा गेलो होतो, हेही सांगून टाकतो. श्रावणजींनी कळशी पालथी घातली, टकटक केलं आणि विचारलं, "कोण देऊन राहिलं?"

"तुमचीच आहे, श्रावणजी. सुमनची. राहिलेला शब्द टाका आणि कुसुमला द्या."

"सुमनची तर सरकारनं नेली. हे तुमी लिलावात घेतली, तुमी देऊन राहिले. ‘सुमनकडून’ कसं टाकू?"

"मग माझं नाव टाका."

त्यांनी कळशी माझ्यापुढे सरकवली. "तुमी तर मले ओळखत नव्हते, सायेब. अनोळखी माणसाकडून पोरीसाठी भांडं कसं घेऊ?"

आवाज चढला नव्हता. रागही नव्हता. भांड्यावर काय टाकता येईल आणि काय नाही, एवढंच ते सांगत होते. मी कळशी घरी आणून माळ्यावर ठेवली. बायकोनं दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

पण मी जात राहिलो. दर वर्षी दसऱ्याला, त्यांच्या दीक्षेच्या दिवशी, इंदोऱ्याला त्यांच्या घरी. पहिल्या वर्षी त्यांनी पाणी दिलं. दुसऱ्या वर्षी चहा. त्या दुपारचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही काढायचं धाडस झालं नाही. आम्ही संत्र्याच्या भावाबद्दल आणि उन्हाबद्दल बोलायचो. आई गेली तेव्हा ते महालात आमच्या घरी आले, ओसरीच्या पायरीवर टेकले. मी हाताला धरून त्यांना आत नेलं. अशी दहा-बारा वर्षं गेली.

मग एका उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला, "कळशी घेऊन या." ते खाटेवर होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी कळशी कुशीत घेतली, बोटांनी चाचपत जुने ठिपके शोधले. "अर्धं नाव ठेवून जाता येत नाही," म्हणाले. एकेका ठिपक्याला दम लागत होता. मला वाटलं होतं एक शब्द टाकतील, पण ते बराच वेळ टाकत राहिले. झाल्यावर कळशी फडक्यात गुंडाळून आपल्या बायकोकडे दिली. "वाचून दाखवाले आज दम नाही, सायेब. मंग वाचा."

आठवड्यानं ते गेले.

पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मरणाच्या दिवशी, घर भरलं होतं. बुद्धवंदना झाली. सुमन बिरगंजहून आली होती, केस पांढरे व्हायला लागले होते. कुसुम आत-बाहेर करत होती. दाराशी पाट मांडला होता आणि त्यावर पाण्यानं भरलेली ती कळशी होती. सुमन पेला घेऊन माझ्याजवळ आली.

"तुमीच काय पाठक सायेब?"

"हो."

"बाबा भांड्यावर नाव टाकलं का वाचून दाखवत होते. हे कोणालेच वाचून दाखवलं नाही. आईले म्हणे, पाठक सायेब वाचतीन. सगळ्यांसमोर वाचाले सांगजो."

मी कळशीजवळ खाली बसलो. वरची ओळ तीच होती, सरळ, छापल्यासारखी, आणि तिच्या शेवटी वाकडेतिकडे तीन अक्षरांचे ठिपके. त्याखाली आणखी एक ओळ होती, इतकी हललेली की मला बोटानं लावून वाचावी लागली. मी श्रावणजींसारखं मोठ्यानं वाचायला लागलो.

"चि. कुसुमला सुमनकडून. मधल्या काळात पाठक साहेबांकडे होती."

पुढे एकच शब्द होता. तो म्हणायला मला फार वेळ लागला.

"ओळखीचे."