पोतंभर उष्टी खेळणी

पोतं उघडलं तेव्हा आधी तेलकट धुळीचा भपकारा आला, मग एक वाळलेलं झुरळ पडलं आणि त्याच्यामागून खेळणी. सगळी प्लास्टिकची. एक बदक, दोन मोटारी, हात निखळलेली बाहुली, एकात एक बसणाऱ्या रंगीत वाट्या, लाल खुळखुळा आणि असंच काय काय. शहरातल्या कुणा भल्या माणसांनी दुष्काळी भागातल्या मुलांसाठी पाठवलेली. त्यांचा माळाही साफ झाला आणि पदरात पुण्यही पडलं. मला त्या लोकांचा इतका राग आला होता की आज म्हातारपणीही तो पुरता ओसरलेला नाही.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. पाथर्डीच्या पुढे एका गावाबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं आणि तिथे खडी फोडणाऱ्या बायांची मुलं सांभाळायला मला नेमलं होतं. मी एकोणीस वर्षांची, बेलापूरकडची. आमच्या घरामागून पाट वाहायचा. पाणी जपून वापरायचं असतं हे मी इथे येऊन शिकले, आणि तेही धड शिकले नव्हते.

माझ्या ताब्यात तट्ट्यांची एक शेड, एक रांजण आणि मुलांना सुकडी वाटणारी एक म्हातारी. नव्हती ती फक्त मुलं. बाया पोरांना शेडमध्ये सोडायलाच तयार नव्हत्या. खडीच्या ढिगाशेजारी मातीत बसवायच्या आणि हातोडी चालवायच्या. दगडाच्या कपच्या सटासट उडायच्या. मी आले त्या आठवड्यातच एका पोराच्या भुवईवर कपची बसली. डोळा थोडक्यात वाचला. तरी दुसऱ्या दिवशी ते पोर भुवईला हळद लावून त्याच ढिगाजवळ हजर.

त्यातही माझा जीव एका पोरीत अडकला होता. दीड वर्षाची असेल. आईनं तिच्या कमरेला लुगड्याचं धडपं बांधलेलं आणि त्याचं दुसरं टोक स्वतःच्या पायाखाली दाबून धरलेलं असायचं. हातोडी उठायची, पडायची आणि पोरगी वीतभर अंतरावर कपच्या गोळा करून तोंडात घालायची. मी त्या आईला पाच-सहा वेळा तरी सांगून पाहिलं. समजावलं, घाबरवलं, शेवटी हात जोडले. ती खाली मान घालून म्हणायची, "ऱ्हाती की हितंच." की पुन्हा हातोडी सुरू. माझ्याच वयाची बाई, पण मला दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटायचं.

म्हणून खेळणी आली म्हटल्यावर मला हुरूप आला होता. पोरं खेळण्यांच्या ओढीनं येतील, पोरांच्या मागून आया येतील, असा माझा बेत. आणि हातात पडलं हे. बदकाच्या सांध्यात काळं मेण साचलेलं. मोटारींच्या चाकांना केसांची गुंतवळ. बाहुलीच्या पोटावर शाईनं काढलेल्या रेघोट्या. आणि खुळखुळ्याच्या दांडीवर दातांच्या चार ठसठशीत खुणा. कुणीतरी चावून चावून टाकून दिलेलं. उष्टं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुष्काळ पडला म्हणून काय आमच्या लोकांनी शहरातल्या पोरांचं उष्टं घ्यायचं? मी ठरवलं, हे सगळं असं घासायचं की आत्ताच दुकानातून आलंय असं वाटलं पाहिजे. या बायांना मान खाली घालायला लागता कामा नये.

टँकर एक दिवसाआड यायचा. शेडच्या वाट्याला दोन घागरी, मुलांना प्यायला. त्यातली एक मी घमेल्यात ओतली.

"पोरी, प्यायचं पानी हाय ते," म्हातारी म्हणाली.

"मुलंच नाहीत तर पिणार कोण?"

 मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

आधी चुलीतली राख आणि काथ्या घेऊन कोरडंच घासलं. मग धुण्याच्या सोड्याचं पाणी. पहिल्या दोन खेळण्यांतच पाणी चहासारखं झालं आणि तेच पाणी पुढच्या बारा खेळण्यांना पुरवायचं होतं. सांध्यांत बोट जाईना, म्हणून बाभळीची काडी दातांनी चावून तिचा कुंचला केला. काट्यानं केस उपसले. शाईच्या रेघा निघेनात, तेव्हा चिंधीवर रॉकेल घेतलं. रेघा गेल्या, पण त्याच चिंधीनं तोंड पुसल्यावर बाहुलीची एक भुवईही गेली. उन्हात वाळत ठेवलेल्या वाट्यांवर वाऱ्यानं धूळ आणून बसवली, म्हणून त्या पुन्हा धुतल्या. रडकुंडीला आले होते मी. त्यात दुपारच्या सुट्टीत बायांची रांग शेडवरून गेली.

"आमाला घोटभर मिळंना आन् बाई बाहुल्यांना न्हाऊ घालतीया," एक जण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. सगळ्या हसल्या. कुणासाठी चाललंय हे ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझ्यासमोरचं गढूळ पाणी बघून मी पुन्हा काथ्या उचलला.

खुळखुळ्यानं तर अंत पाहिला. राखेनं दातांच्या खुणा जायचं नाव घेईनात. हातोड्यांचे दांडे करणारा सुतार होता, त्याच्याकडून पॉलिशपेपरचा तुकडा मागून आणला आणि दोन दुपारी ती दांडी घासत बसले. अंगठ्याला फोड आले. दुसऱ्या संध्याकाळी खुणा गेल्या. वरून गोड्या तेलाचं बोट फिरवलं तशी दांडी चकाकायला लागली. पुरा खुळखुळा कुठल्याही दुकानात खपला असता. तो मी त्या पोरीसाठी वेगळा काढून ठेवला.

वाटपाच्या दिवशी सकाळी आया पोरांना घेऊन आल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. बदकावरून मारामारी झाली, एका भुवईच्या बाहुलीवर दोघींनी हक्क सांगितला. मला बरं वाटायला लागलं. मग ती आली, पोरगी कडेवर. मी खुळखुळा पुढे केला. पोरीनं तो झडप घालून घेतला, वाजवला आणि हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आईनं खुळखुळा तिच्या हातातून काढून घेतला. उलटासुलटा करून बघितला. दांडीवरून अंगठा फिरवला.

"कोरा हाय का?"

"कोरा आहे," मी ठोकून दिलं. दोन दुपारची मेहनत होती त्यामागे. "आत्ता आलाय दुकानातून."

"मंग नगं."

तिनं तो माझ्या हातावर ठेवला, रडणारी पोरगी खांद्यावर टाकली आणि ती खडीच्या ढिगाकडे चालू लागली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. फुकट मिळतंय, नवं मिळतंय, तरी नखरे! मी म्हातारीसमोर वाट्टेल ते बोलले. ही माणसं अशीच, यांच्यासाठी काही करणं म्हणजे मूर्खपणा, मी उद्याच्या गाडीनं बेलापूरला निघते. म्हातारी सुकडी वाटत शांतपणे ऐकत राहिली. माझी वाफ गेल्यावर म्हणाली, "तिची दोन गेल्यात. येक सव्वा म्हैन्याचं, येक दात यायच्या आत. ही झाली तवा तिला पाच लेकरं जगल्याल्या घरचं जुनं झबलं घातलं. आमच्यात लेकराला पयलं कोरं लावत न्हाईत बाई. जगल्याल्या लेकराचं वापरल्यालं लावत्यात. त्याचं आयुष्य लागतं म्हन्त्यात."

"पण हे खेळणं आहे, झबलं नाही."

"खेळनं आनल्यालं, आन् खेळायला लेकरू ऱ्हायलं न्हाई, असं आसंल तर? तिच्या घरात हाय की तसलं. कोरंच्या कोरं."

मी खुळखुळ्याकडे पाहिलं. दात आलेल्या, चावणाऱ्या, म्हणजे जगलेल्या एका पोराची खूण त्याच्यावर होती, तीही एक सोडून चार. ती मी अंगठे फोडून घासून काढली होती. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटलं.

तशीच ढिगावर गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. कोरा नाही, वापरलेला आहे, दातांच्या खुणा होत्या, मीच घासल्या.

तिनं हातोडी थांबवली. "मगा तर कोरा म्हनलात."

"खोटं बोलले. चुकलं माझं."

"ज्याचं हुतं ते लेकरू हाय का?"

 पोत्याबरोबर कसली चिठ्ठी नव्हती. असेल, असं म्हणाले. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एकदा खोटं बोललेल्या माणसाच्या "असेल"ला कोण विचारतं? पोरीचं धडपं पायाखाली ओढून घेऊन ती पुन्हा दगड फोडू लागली. एक कपची माझ्याच पायावर येऊन बसली.

शेडमध्ये परत आले. खेळण्यांत रमलेल्या पोरांना आया ठेवून गेल्या होत्या; आता दहा-बारा मुलं रांगत-खेळत होती. त्यांत एक ढब्बू पोरगी होती, चार भावंडांच्या पाठीवरची, दाढा येत होत्या म्हणून दिसेल ते चावणारी. सकाळपासून तिनं माझ्या पदराचं टोक भिजवून ठेवलं होतं. मी खुळखुळा तिच्या तोंडात दिला.

पुढचे चार दिवस मी तो तिच्या हातातून सुटू दिला नाही. तिनं टाकला की उचलायचा आणि पुन्हा द्यायचा. "चाव गं बाई, नीट चाव," म्हणत तिच्यापुढे बसायचं. ज्या बाईनं आठवडाभर खेळणी घासली तीच आता एका पोरीच्या हातापाया पडत होती, म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती आणि मला हसूही येत नव्हतं. पोरगीही कमाल, एरवी दगड चावेल, पण मला हवं होतं तिथे दात लावायला तयार नाही. तिसऱ्या दिवशी एकदाचे दात उमटले. चौथ्या दिवशी दांडीवरचं तेल, चकाकी सगळं गेलं. लाळ, सुकडी आणि माती यांचा थर बसला.

पाचव्या दिवशी सकाळी, कामाची हाळी व्हायच्या आत, मी ढब्बूला कडेवर घेतलं आणि त्या आईपुढे उभी राहिले. "हिनं चावलाय," म्हटलं. "ही बघा, तुमच्यासमोर आहे."

तिनं ढब्बूला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. हनुवटी धरून तिचं तोंड उघडून दात पाहिले. मग खुळखुळा घेतला, आपल्या पोरीच्या हातात दिला आणि माझ्या मागोमाग शेडमध्ये आली. पोरीला खाली बसवलं. कमरेचं धडपं सोडलं, घडी करून स्वतःच्या कमरेला खोचलं आणि भराभरा बाहेर पडली.

दहा पावलं गेली आणि परत फिरली.  आता उचलून नेणार, असं वाटलं. पण ती दाराशीच थांबली. आत बघितलं नाही.

"रडली तर मला हाक मारू नगा," म्हणाली. "मी यीन न्हाईतर."

पोरगी दुपारपर्यंत रडली. मी हाक मारली नाही.