रिकाम्या मुठीतला भाकरतुकडा

सकाळी लेक बाळाला घेऊन दारात आली आणि ओवाळायला घेतलेल्या ज्वारीच्या भाकरीच्या वासाने मला जालन्याचा तुरुंग आठवला. तिथल्या बायकांना मी नाच शिकवायचे. एकदा म्हटलं, ‘घरी परतल्याचं नाचून दाखवा.’ परतूरकडची एक बाई गिरक्या घेत आली आणि नसलेल्या उंबऱ्याशी थांबली. मला वाटलं, पुढचं विसरली. ‘आत या की, मावशी!’ ‘भाकरतुकडा ओवाळल्याबिगर कशी येऊ, ताई? अन् घरी कोणी ओवाळीन का, तेच म्हाईत न्हाई.’ तेव्हा पहाऱ्यावरची शिपाईण उठली, किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवला आणि तिच्यावरून रिकामी मूठ ओवाळली. तुकडा बाहेर टाकायचा असतो. शिपाइणीने दाराच्या कुलपाकडे पाहिलं आणि मूठ उघडलीच नाही. आज मी तुकडा पार रस्त्यापलीकडे भिरकावला. लेक हसली, ‘आई, एवढ्या जोरात कशाला?’