बाबांच्या दातांचे वण

मंडळी, आज सकाळी तळेगावच्या चढाला बाबांची ७६ सालची गाडी ठकठक करायला लागली. कशीबशी घरी आणली.

पिंपरीच्या कंपनीत, प्रेस शॉपमधल्या यंत्रांच्या दणदणाटात, बाबांचे कान गेले होते. म्हणून ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवायचे आणि लाकडी मूठ दातांत धरायचे; आवाज दातांतून, हाडांतून आत पोचायचा. मूठ तोंडात धरण्याआधी मला दटावायचे, "गप रे, ऐकू दे!"

बाबा आता नाहीत. आज त्यांच्याच स्क्रू ड्रायव्हरनं मी तसंच केलं. खालून ठोका नव्हता, म्हणजे बेअरिंग शाबूत. ठिणगीचं टायमिंग जरासं मागे घेतलं, परत चढावर नेली. आवाज गेला.

त्या मुठीवर बाबांच्या दातांचे वण आहेत. माझे दात बरोब्बर त्यांतच बसतात. घरी येऊन इंजिन बंद केलं, तरी पुन्हा ती दातांत धरून उभा राहिलो. काय ऐकायचं होतं मला, सांगा.